पहिला दाब

“मार.”

मी पेडल दाबलं.

“मार. मार. धर.”

मी पाय दाबून धरला. चाकापाशी उकिडवे बसलेल्या मालकांनी हवा काढायचं निपल सैल केलं, त्याला लावलेल्या नळीतून ऑईल बाटलीत उतरलं, पेडल माझ्या पायाखाली हळूहळू बसत गेलं, आणि त्यांनी निपल परत आवळलं.

“सोड. झालं. बाटलीत एक बुडबुडा न्हाई आता. उतर खाली.”

मी उतरले नाही. आपल्या मनानं आणखी एकदा सावकाश पेडल दाबलं. ते अर्ध्याच्या खाली गेलं. जिथं कडक लागायला हवं तिथं ओल्या शेणाच्या पाटीत पाय पडावा तसं लागलं.

“हवा हाय अजून,” मी म्हणाले.

“बाटली बघ की! कुठं हाय हवा?”

“बाटली तुम्ही बघा. माझ्या पायाला कळतंय.”

मालक म्हणजे माझा नवरा, महिपती लोहार. गगनबावड्याच्या रस्त्याला, घाट उतरायच्या अलीकडं, आमचं गॅरेज होतं. मागं राहायच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड. हाताखाली माणूस नव्हता. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची म्हणजे दोघं लागतात, एक पेडल मारायला आणि एक चाकापाशी. दुसरी मी. “तानू, पाय दे गं!” अशी हाक आली की परातीतली अर्धी थापलेली भाकरी तशीच टाकून मी जायची. बावीस वर्षांत किती जीपांना आणि टेंपोंना मी पाय दिला असेल त्याला गणती नाही. पेडल बरं असलं की तळपायाला कसं लागतं आणि हवा राहिली की कसं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पायानंच शिकून घेतलं होतं.

ही गाडी मात्र जावयाची होती. विलासरावांनी कुणाकडून तरी वापरलेली घेतलेली, पांढरी, छोटी. माझी मंदा बाळंतपणाला आली होती. बाळ आता पाच महिन्यांचं झालं होतं आणि तिला न्यायला विलासराव आदल्या दिवशी घाट चढून आले होते. सोबत त्यांची बायजाआत्या. आल्या आल्या ते म्हणाले, “मामा, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढतीया. तेवढं बघा.”

जीपच्या चाकात ब्रेक आत झाकलेला असतो. ह्या गाडीच्या पुढच्या चाकांना उघडी लोखंडी चकती होती आणि तिला दोन्हीकडून चिमटा धरणारा कॅलिपर. असली गाडी आमच्या शेडमध्ये पहिल्यांदाच आली होती. मालकांनी उजाडताच दोन्ही कॅलिपर सोडले. एक अडकून बसला होता. मग दोन्हींची रबरं नवी घालायची ठरलं. मालकांनी त्यांच्यावर नेहमीसारखी खडूनं खूण केली आणि माझ्याकडं दिले. “ह्यो डावा, ह्यो उजवा. स्पिरिटनं धू, पेट्रोल लावू नको, रबराला चालत न्हाई.” मी दोन्ही परातीत घासून धुतले, पुसले, गाडीच्या नाकापुढं गोणपाट अंथरून त्यावर मांडले आणि आत ओटीची तयारी करायला गेले. त्यांनी रबरं घातली, कॅलिपर बसवले, आणि मला पाय द्यायला हाक मारली.

अकराच्या आत मंदानं उंबरा ओलांडायचा होता. तसं बायजाआत्यांनी पंचांगात बघून ठेवलं होतं. आता दहा वाजून गेले होते.

“काय, झाली का मामा?” विलासराव नवा शर्ट घालून शेडच्या दारात आले.

“झाली. गाडी आता सरळ थांबंल बघा.”

“न्हाई झाली,” मी गाडीतूनच म्हणाले. “पेडल मऊ हाय.”

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसऱ्या एखाद्या दिवशी मी गप्प बसले असते. गिऱ्हाइकासमोर कामात खोट काढायची नाही हा आमच्यातला नेम होता, आणि मी तो कधी मोडला नव्हता. पण हे गिऱ्हाईक नव्हतं. ह्या गाडीत माझी पोर बसणार होती, तिच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ, आणि पुढं सगळा घाट उतरायचा होता.

“सरका मामी, मी बघतो,” विलासराव म्हणाले.

मी उतरले. ते बसले आणि त्यांनी धडाधड तीन-चारदा पेडल मारलं.

“कडक हाय की! दगडागत हाय.”

“चारदा मारल्यावर हाय. आता सोडा, जरा थांबा, आणि एकदाच दाबा.”

त्यांनी दाबलं. क्षणभर त्यांच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. मी बघितलं. पण लगेच ते हसले. “आता नवी रबरं हायत, मामी. चार दिवसांत बसतील. तोवर दोनदा मारायचं, काय बिघडतंय?”

“वळणावर समोरनं ट्रक आला तर दोनदा मारायला वेळ देतोय व्हय त्यो? घाटात पहिलाच दाब असतोय, विलासराव.”

“तानू!” मालक ओरडले. “बास झालं. बावीस वर्षं पाना मी हातात धरलाय, का तू?”

“पाना तुम्हीच धरलाय. पण पेडलवर पाय माझाच हुता न्हवं बावीस वर्षं? आजपतोर कधी चुकलाय का, सांगा.”

तेवढ्यात बायजाआत्या आल्या. पदर खोचलेला, हातात पिशवी. काय चाललंय ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ओट्यावरून सगळं ऐकलं होतं त्यांनी.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “मला कालपासनंच वाटत हुतं. काल आल्या आल्या म्हणं पोराला पडसं हाय. रातच्याला म्हणं तिची कंबर दुखतीया. आता म्हणं गाडीच मऊ हाय! लेकीला ठेवून घ्यायचं असंल तर सरळ सांगावं माणसानं. बिरेकाला कशाला नाव ठेवायचं?”

“आत्या, पोराला पडसं हुतं. तुम्हीच त्याला ओवा शेकलासा.”

“शेकला की! आणि बरं बी झालं. आता ह्ये बरं हुयाला काय शेकू?”

विलासराव हसले, आणि मला खरं सांगायचं तर मालकही हसले. ते हसणं मी आजवर विसरलेले नाही. जावई नाराज होऊ नये म्हणून हसले असतील. काही असो, हसले.

मंदा दारात आली. ओटी भरलेली, काखेत बाळ, डोक्यावरून पदर. “आई, बास कर की,” ती हळूच म्हणाली. “सगळे म्हणत्यात झाली गाडी, तर झाली असंल. आबांना कळत न्हाई व्हय? मला तिथं जाऊन ऐकून घ्यावं लागतंय गं.”

बाळ माझ्याकडं बघून हात हलवत होतं. मी गाडीच्या दारातून आत हात घातला, किल्ली उपसली आणि जळकं ऑईल साठवायचा मोठा डबा कोपऱ्यात होता, त्यात टाकली. डुब्ब झालं. काळ्या ऑईलवर एक वर्तुळ उठलं आणि विरलं.

“आता न्या,” मी म्हणाले.

मालकांनी हातातला पाना पत्र्यावर असा फेकला की बाळ दचकून रडायला लागलं. इतक्या वर्षांत त्यांनी हत्यार कधी फेकलं नव्हतं. हत्याराला पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस. “डोकं फिरलंय हिचं,” ते म्हणाले आणि बाही वर सारून डब्यात कोपरापर्यंत हात घालून किल्ली चाचपायला लागले.

“मामा, आमच्या घरात असलं चालत न्हाई,” विलासराव म्हणाले. आता ते हसत नव्हते. “माझी गाडी, माझी बायको. मामींनी किल्ली टाकायची म्हणजे काय?”

“आईचं असं, तर लेकीचं काय सांगावं,” आत्या म्हणाल्या.

मंदा तिथंच उभी राहून रडायला लागली.

मी शेडच्या मागं गेले. तिथं पाण्याची टाकी होती, गाड्यांच्या रेडिएटरला घालायला भरून ठेवलेली. तोंडावर पाणी मारावं म्हणून गेले. पण टाकीच्या काठावर कळशी पालथी ठेवलेली दिसली आणि सगळा राग त्या कळशीवर निघाला. होती तशी, पालथीच, दोन्ही हातांनी धरून ती मी पाण्यात खुपसली. बुडेना. मी अंगाचा भार टाकला. कळशी थोडी खाली जायची आणि हातांना वर लोटायची. मऊ मऊ, दाबलं की दबायची, सोडलं की परत वर यायची.

मी तशीच थांबले. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

हे मला ओळखीचं होतं. सकाळपासून माझ्या पायाला हेच लागत होतं.

मी कळशी जराशी कलती केली. तोंड वर आलं, भडभड बुडबुडे उठले आणि कळशी दगडासारखी खाली गेली. हवा आत होती, तोंडही उघडं होतं, पण तोंड खालच्या अंगाला होतं. हवा वर बसून राहिली होती, आणि तोंडातून काय जायचं-यायचं ते पाणीच.

मी ओल्या हातांनीच धावत शेडमध्ये आले आणि गाडीच्या पुढं खाली वाकले. पुढची चाकं काढलेलीच होती. डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. ज्या निपलमधून मालक हवा काढत होते ते दोन्हीकडं कॅलिपरच्या बुडाशी होतं.

“अवं,” मी म्हणाले, “ह्ये निपल वर असायला पायजे का खाली?”

मालकांचा हात डब्यातच होता. “काय?”

“हवा काढायची तर भोक वर पायजे न्हवं? ह्येचं तर बुडाला हाय. हवा वरच बसलीया आणि तुम्ही खालनं ऑईल काढताय. बाटलीत बुडबुडा कुठनं येणार?”

ते उठले. काळा हात तसाच निथळत होता. ते डाव्या चाकापाशी बसले, मग उजव्या चाकापाशी बसले. कॅलिपरवरून बोट फिरवलं. मग गाडीच्या नाकापुढं अजून तसंच अंथरलेलं होतं त्या गोणपाटाकडं त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं.

मला वाटलं, आता तरी म्हणतील, तानू, तुझं बरोबर होतं.

ते जावयाकडं वळले. “माझ्या हातनं चूक झाली, विलासराव. डावा उजवीकडं बसलाय आणि उजवा डावीकडं. उलटे बसलेत. म्हणून निपल खाली आलंय. काढून बदलतो. तासभर लागंल.”

विलासरावांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. “उलटे? मामा, ह्याच गाडीतनं घाट उतरणार हुतो आम्ही. पोराला घेऊन.”

“व्हय.”

“मेकॅनिक हायसा तुम्ही!”

“व्हय. चूक झाली.”

“अकरा वाजले,” आत्या म्हणाल्या.

मालकांनी कॅलिपर काढले, आलटून बसवले. आता निपल वर आलं. मी न विचारता आत जाऊन बसले. मार. मार. धर. ह्या वेळी बाटलीत डाळ उकळावी तसे बुडबुडे आले. दोन्ही चाकांचे निघाले. मग एकही येईना तेव्हा मी सावकाश, एकदाच, पेडल दाबलं. दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं. आणखी दाबलं तरी हलेना. अंगणातल्या फरशीवर पाय ठेवावा तसं.

“झालं,” मी म्हणाले.

मालकांनी डब्यातली किल्ली काढून पुसून दिली आणि दीड वाजता ते निघाले. मंदानं वाकून नमस्कार केला तेव्हा माझे पाय जरा जास्तच वेळ धरले. विलासरावांनी मालकांना नमस्कार केला नाही.

त्यानंतर त्यांची गाडी आमच्या शेडमध्ये कधी आली नाही. घाटाखाली त्यांच्या गावात ही गोष्ट पसरली. सासऱ्यानं ब्रेक उलटे बसवले, सासूनं ओळखलं. वैभववाडीकडची दोन-तीन नेहमीची गिऱ्हाइकं यायची बंद झाली. आणि मी? मी जवळजवळ महिनाभर मालकांना सोडलं नाही. ताट वाढताना म्हणायची, मीठ बघून घ्या, माझ्या हाताला कळत नसंल. पाय दे म्हणाले की म्हणायची, माझ्या पायाचं ऐकणार असाल तर देते. लोकांसमोर हसला होता ना, मग घ्या. ते खाली मान घालून जेवायचे. एकदाही उलट बोलले नाहीत. त्यानं मला आणखीच राग यायचा.

महिन्याभरानं एक जीप आली. मालकांनी मागच्या चाकांचे ब्रेकचे सिलिंडर काढले आणि धुवायला माझ्यासमोर ठेवले. ह्या वेळी त्यांच्यावर खडू नव्हता. कानसीनं खाचा पाडल्या होत्या. एकावर एक, दुसऱ्यावर दोन.

“ह्ये काय?” मी विचारलं.

“एक खाच म्हंजे डावा. दोन म्हंजे उजवा. धुताना खडू जातोय.” आणि जरा थांबून म्हणाले, “डावा म्हंजे गाडीचा डावा. ड्रायवर बसतोय तिकडनं बघायचं. समोर उभं ऱ्हायलं की उलटं दिसतंय.”

माझे हात परातीत तसेच राहिले.

त्या सकाळी मी धुतलेले कॅलिपर. त्यांच्यावर खडूनं लिहिलेलं होतं, एकावर डा आणि दुसऱ्यावर उ. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मला ती नुसती पांढरी रेघोटी, आणि स्पिरिटनं ती मीच धुऊन काढली. मग गाडीच्या समोर उभी राहून डावा म्हणून दिलेला माझ्या डाव्या हाताला ठेवला आणि उजवा उजव्या हाताला. गाडीचा डावा माझ्या उजव्या हाताला होता. मालक प्रत्येक पार्ट त्याच्या त्याच्या चाकापुढंच ठेवायचे, म्हणून त्यांनी समोर पडलेला उचलला आणि समोरच्या चाकाला लावला.

“मग तवाच का बोलला न्हाईसा?” माझा आवाज चढला. “महिनाभर मी तुम्हाला टोचून खाल्लं! सगळ्यांसमोर का न्हाई सांगितलं, हिनं मांडलं उलटं म्हणून?”

“आत्या काय म्हणाल्या असत्या?” ते कानस पुसत म्हणाले. “लेकीला अडवायला आईनं मुद्दाम केलं. जल्मभर मंदीला ऐकावं लागलं असतं. मला काय, मी मेकॅनिक हाय, माझी चूक हुतीच. बसवताना निपल कुठं येतंय ते मी बघायला पायजे हुतं. जीपच्या सवयीनं न्हाई बघितलं. आणि तू मऊ हाय म्हणलीस ते बी ऐकलं न्हाई.”

मी हातातला सिलिंडर परातीत असा आपटला की स्पिरिट त्यांच्या तोंडावर उडालं. ते डोळे मिटून तसेच बसले, आणि मग म्हणाले, “विलासरावाला सांगायचं न्हाई. कधीच.”

मी सांगितलं नाही. सतरा वर्षं.

मालक गेले, त्यांच्या तेराव्याला घर भरलं होतं. मंदाचा तो मुलगा कॉलेजात जायला लागला होता, बायजाआत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मंदा आता स्वतःच्या घरात कुणाचं ऐकून घेणारी राहिली नव्हती. पंगत बसली होती. मी वाढत नव्हते, भिंतीला टेकून बसले होते. विलासराव शेजारच्या माणसाला मोठ्यानं सांगत होते. माणूस लाखात एक, हात सोन्याचा, पण एकदा काय झालं, माझ्या गाडीचे ब्रेकच उलटे बसवले मामांनी! दोघं-चौघं हसले. आज वाईट वाटून घ्यायचं नाही म्हणून प्रेमानंच सांगत होते ते, मला कळत होतं.

मी उठले आणि पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

“विलासराव, त्ये उलटे मी मांडले हुते,” मी म्हणाले. “डावा-उजवा माझा चुकला. तुमच्या आत्यानं मंदीला टोचून मारू नये म्हणून त्यांनी सतरा वर्षं आपल्या नावावर घेतलं, आणि तुम्ही सतरा वर्षं हसला. आणि पेडल मऊ हाय ह्ये तुमच्या बी पायाला कळलं हुतं त्या दिवशी. तुमचं तोंड मी बघितलंय. तरी माझ्या पोरीला घेऊन तुम्ही घाटात निघाला हुता.”

सगळी पंगत थांबली.

“जेवा आता,” मी म्हणाले.